जुन्या बुलेटचं हेड पोर्ट करताना ग्राइंडर नेमका कुठे लावायचा?

ठोकेबाज (धागाकर्ता)

कास्ट आयर्न इंजिनची ३५० बुलेट आहे (सिलिंडर बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं). इनटेकचा गाईड, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी, सैल झालाय. उतारावर थ्रॉटल सोडला की मागे निळा धूर. त्यासाठी हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उतरवलं आणि मग वाटलं, उघडलंच आहे तर पोर्टिंगही, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा आतून घासणं, उरकून घ्यावं.

आमच्याकडच्या मिस्त्रींचा बेत असा: कार्ब्युरेटरच्या तोंडापासून व्हॉल्व्हपर्यंत भोक सरसकट २८ मिमी करायचं, आतून आरसा पॉलिश मारायचं आणि २४ च्या मिककार्बच्या जागी २८ चा लावायचा. "हेड मोकळं झालं की गाडी सुटेल बघा." मिस्त्रींचा हात चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मी घरी येऊन कागदावर गणित मांडलं आणि अडखळलो.

बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ ३,८४८ चौरस मिमी. २४ मिमीच्या भोकाचं ४५२. म्हणजे भोक पिस्टनच्या साडेआठपट लहान, तेव्हा त्यातून हवा पिस्टनच्या साडेआठपट वेगाने जायला हवी. २००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ६ मीटर, म्हणून भोकातली हवा ५१ मीटर. ४५०० ला पिस्टन १३.५ आणि हवा ११५ मीटर.

आता भोक २८ केलं तर क्षेत्रफळ ६१६. फक्त ४ मिमी वाढले, पण क्षेत्रफळ ३६ टक्के वाढलं. २००० आरपीएमला हवेचा वेग ५१ वरून ३७-३८ वर येतो, ४५०० ला ११५ वरून ८४ वर.

माझी गाडी ताशी ६०-७० च्या पुढे क्वचितच जाते. मला घाटात तिसऱ्या गिअरवर ठोके देत चढायला हवी, बाकी काही नको. तर प्रश्न असा, की हवेचा वेग एवढा पाडून माझ्या पदरात काय पडणार? आणि भोक मोठं करायचं नसेल तर पोर्टिंग म्हणजे नक्की काय करायचं?

---

टॅपेटराव

गाईड बदला, वॉल (व्हॉल्व्ह हो) घासून घ्या, हेड बसवा, चहा प्या. बुलेट पळवायला घेतली होती का राव?

---

आरएक्सप्रेमी

असं कसं? माझ्या आरएक्स १०० चे पोर्ट वाढवून घेतले होते. खालचा दम थोडा गेला, पण वर ७००० च्या पुढे अशी काही ओढायची की विचारू नका. बुलेटलाही फरक पडायलाच हवा. करून टाका बिनधास्त.

---

नाना फिटर

आरएक्सप्रेमी, दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करताय. तुमच्या गाडीच्या हेडमध्ये वॉलच नाहीत. टू स्ट्रोकचे पोर्ट सिलिंडरच्या भिंतीत असतात आणि पिस्टनच ते उघडतो-झाकतो. एक्झॉस्टचं भोक वरच्या अंगाला एक मिलिमीटर घासलं की ते लवकर उघडणार आणि उशिरा बंद होणार. म्हणजे तुम्ही भोक मोठं केलं नाहीत, टायमिंग बदललंत. फोर स्ट्रोकमध्ये ते काम कॅमशाफ्ट करतो. बुलेटचं हेड कितीही घासा, वॉल कधी उघडायचा ते कॅमच ठरवणार. त्यामुळे आरएक्सचा अनुभव इथे लावू नका.

---

फौंड्रीकर

कोल्हापूर. बापजाद्यांपासून ओतकामात. हेड बनवत नाही, पण आत पोकळी असलेलं कास्टिंग रोजचं आहे, म्हणून ही बाजू सांगतो.

पोर्ट म्हणजे कास्टिंगमधली पोकळी. ती येते साच्यात ठेवलेल्या वाळूच्या ठोकळ्यामुळे, म्हणजे कोअरमुळे. कोअर साच्यात बसवताना अर्धा-एक मिलिमीटर इकडे-तिकडे सरकतो, धातू ओतताना उचललाही जातो. कोअर दोन अर्धुकांच्या पेटीत बनतो, त्यामुळे जोडावर पातळ पदर येतो, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. बाहेरचा फ्लॅश फेटलिंगवाला (कास्टिंग साफ करणारा) छिनीने उडवतो. आतला, हात न पोहोचणारा, राहून जातो. जुन्या कास्टिंगमध्ये तर हमखास.

दुसरं, सीटची (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या जागेची) रिंग बसवायचं मशीनिंग होतं हेडच्या मशीन केलेल्या पृष्ठभागाचा संदर्भ धरून. ओतलेलं पोर्ट मात्र कोअर जिथे बसला होता तिथे. दोघांची गाठ पडते सीटच्या खाली, आणि तिथे एका बाजूला पायरी दिसते. एका अंगाला ओठ बाहेर, समोरच्या अंगाला आत. ठोकेबाज, इनटेकचा वॉल काढा, सीटमधून करंगळी घाला आणि गोल फिरवा. नख अडकलं तर माझी आठवण काढा.

तेव्हा पहिलं काम भोक वाढवायचं नाहीच. ओतकामाने जे चुकवलंय तेवढंच दुरुस्त करायचं.

---

ठोकेबाज

फौंड्रीकर, नख अडकलं! सीटच्या खाली मागच्या अंगाला, चांगली अर्ध्या मिलिमीटरची पायरी. समोर काहीच नाही. पोर्टच्या छतावर एक शिवणही लागतेय, कार्ब्युरेटरपासून गाईडपर्यंत. फोटो चढत नाहीये, पण आहे.

---

अनुजा_के

पुण्यात इंजिन डेव्हलपमेंटमध्ये आहे. माझं काम बहुतेक सिम्युलेशनचं, पण फ्लो बेंचवरही (पोर्टमधून किती हवा जाते ते मोजायचं यंत्र) बरीच वर्षं काढलीत. जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

पोर्टचे दोन भाग करा. कार्ब्युरेटरपासून गाईडपर्यंतचा सरळ नळीसारखा भाग, आणि गाईडपासून सीटपर्यंतचा वाटीसारखा भाग, ज्याला बाउल म्हणतात. नवखा माणूस पहिल्या भागावर तुटून पडतो, कारण ग्राइंडर तिथे सहज पोहोचतो. हवेला त्रास होतो दुसऱ्या भागात. तिथे तिला वळायचं असतं, गाईडच्या उंचवट्याला वळसा घालायचा असतो आणि शेवटी व्हॉल्व्हच्या कडेने चहूबाजूंनी पसरून बाहेर पडायचं असतं. हे सगळं दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत.

वळणाच्या दोन बाजू असतात, बाहेरची लांब आणि आतली आखूड. आतल्या बाजूला, पोर्टचा तळ जिथे सीटकडे खाली वळतो, तिथला गोलवा फार नाजूक. तिथे धार असेल तर हवा भिंत सोडून सुटते, मागे भोवरा तयार होतो आणि व्हॉल्व्हचा तेवढा परिघ जवळजवळ फुकट जातो. बरेच जण "हवेला सरळ वाट करून देतो" म्हणत नेमका हाच तळ खाली घासतात. पोर्ट दिसायला मोठं होतं आणि जास्त लिफ्टला (व्हॉल्व्ह जास्त उचललेला असताना) बेंचवर फ्लो उलट कमी येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तळाला फक्त धार मोडून गोलवा द्यायचा, उंची कमी करायची नाही.

आता सीट. ४५ अंशाचा जो पट्टा व्हॉल्व्हला टेकतो, त्याच्या वर ३० आणि खाली ६० अंशाचा कट असला की हवा टप्प्याटप्प्याने वळते. नुसता ४५ चा एकच रुंद कट असेल तर हे दोन कट मारून घेणं हे अख्ख्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचं. सीटच्या खालचा गळा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या साधारण ८५ ते ९० टक्के ठेवतात. त्यापुढे गेलात तर ६० च्या कटाला जागाच उरत नाही.

हे सगळं सीटपाशीच का? एक हिशेब बघा. समजा व्हॉल्व्ह ४० मिमीचा आहे. तो जेवढा उचलला जातो, तेवढ्या उंचीची एक गोल खिडकी त्याच्या कडेने उघडते. खिडकीचं क्षेत्रफळ म्हणजे परिघ गुणिले लिफ्ट. १० मिमी लिफ्टला ते १,२५७ चौरस मिमी होतं, आणि ४० मिमीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळही तेवढंच. म्हणजे लिफ्ट व्यासाच्या पाव भागाला पोहोचेपर्यंत अडथळा खिडकीचा, पोर्टचा नाही. बुलेटच्या सौम्य कॅमवर व्हॉल्व्हचा बहुतेक वेळ या हद्दीच्या आतच जातो. शिवाय कमी लिफ्टमधून तो दोनदा जातो, उघडताना आणि बंद होताना. तुमच्यासारख्या वापराला कमी लिफ्टचा फ्लो सुधारणं जास्त कामाचं, आणि तो सीटच्या कोनांवर ठरतो.

तुमचं वेगाचं गणित बरोबर आहे. त्यात एवढंच जोडा, की वेगात आत येणारी हवा पिस्टन खाली पोहोचल्यावरही थांबत नाही, तिच्या जडत्वाने आणखी थोडी आत शिरते. इनटेक व्हॉल्व्ह त्यासाठीच उशिरा बंद होतो. २००० आरपीएमला हवेत तो जोरच नसेल, तर वर येणारा पिस्टन आलेली हवा उलट कार्ब्युरेटरकडे ढकलतो. एअर फिल्टरपाशी पेट्रोलचे तुषार दिसतात ते यामुळे. घाटातला दम गेला तो इथेच.

---

पल्सर_सिन्नर

अनुजाताई, भारी लिहिलंय. पण एक बाजू राहतेय. मी डर्ट रेसला पल्सर उतरवतो. आमचं इंजिन पूर्ण शर्यतभर ८००० च्या वर असतं. २००० ला दम आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. आमच्याकडे पोर्ट मोठं, कॅम वेगळा, कार्ब मोठा, सगळं एकत्र बदलतो आणि फायदा होतो. तेव्हा "भोक वाढवू नका" हा सगळ्यांसाठी नियम नको.

---

अनुजा_के

मान्यच आहे. ८००० ला हवा कमी पडत असेल तर भोक वाढवावंच लागतं. तुम्ही कॅम आणि कार्बही बदलता हे महत्त्वाचं. मिस्त्रींच्या बेतात पोर्ट आणि कार्ब रेसचे, पण कॅम आणि कॉम्प्रेशन गावातले. भांडण त्याच्याशी आहे.

---

नाना फिटर

ताईंनी शास्त्र सांगितलं, मी हातातलं सांगतो. भोक वाढवू नये हे पटतंच. पण पॉलिशच्या बाबतीत जुने लोक अगदीच चुकीचे नव्हते, त्याकडे नंतर येतो.

डाय ग्राइंडरला लांब दांड्याचा कार्बाइड बर (दातेरी कापणारं टोक) हवा. ॲल्युमिनियमसाठी मोठ्या दातांचा. लोखंडाचा बारीक दातांचा लावलात तर मिनिटभरात दातांत ॲल्युमिनियम भरतं आणि बर कापायच्या ऐवजी नुसता तापतो. रॉकेलमध्ये बुडवत राहा, नाहीतर न पेटवलेल्या मेणबत्तीच्या मेणावर फिरवून घ्या, भरत नाही. ग्राइंडरला वेगाचं नियंत्रण पाहिजेच.

सीटचे नवे कट शेवटी मारायचे. तोपर्यंत एक भंगारातला जुना वॉल सीटवर टाकून ठेवा. बर उसळला तर ओरखडा त्याच्यावर जाईल. बाउलमध्ये काम करताना वॉल काढावाच लागतो, तेव्हा बरच्या दांड्याला टेप गुंडाळा.

आधी खूण करा. पोर्टच्या तोंडाला मार्किंग ब्लू लावा, नसेल तर साधा मार्कर चालतो, गॅस्केट ठेवून सुईने रेघ मारा. इनटेकला मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यात पायरी नको. एक्झॉस्टला हेडचं भोक पाइपच्या भोकापेक्षा किंचित लहान असलं तर बिघडत नाही, उलट चांगलंच. बाहेर जाणाऱ्या गॅसला ती पायरी लागत नाही, पण परत फिरणाऱ्या दाबाच्या लाटेला लागते.

गाईडचा उंचवटा पुढून-मागून निमुळता करा, पण मुळासकट उडवू नका. विशेषतः एक्झॉस्टला. वॉलची उष्णता सीटमधून जाते तशी गाईडमधूनही जाते. एअर कूल्ड हेड आहे, तिथे आधीच मारामार. एक्झॉस्टचं पोर्ट मोठंही करू नका. भिंतीचं क्षेत्रफळ वाढलं की हेड जास्त तापतं.

डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क. हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

---

ठोकेबाज

नाना, पॉलिशचं राहिलं. मिस्त्री आरशावर अडून बसलेत.

---

नाना फिटर

एक्झॉस्टला आणि कंबशन चेंबरला करा खुशाल. कार्बन कमी धरतो, धरला तरी लवकर सुटतो. जुने लोक दर हंगामाला हेड उतरवून कार्बन काढायचे, त्यांना त्याचा उपयोग होता. इनटेकला मात्र ८० नंबरच्या एमरीवर थांबायचं. कार्ब्युरेटरची गाडी आहे, पेट्रोल थेंबांनी येतं. काही थेंब भिंतीला लागतातच. गुळगुळीत भिंतीवर त्यांचा ओघळ होतो आणि तो तसाच वाहत आत जातो. जरा खरबरीत असली तर हवा ते पुन्हा उचलते.

मिस्त्रींना सांगा, आरसा करा पण पुढच्या, एक्झॉस्टच्या भोकात.

---

अनुजा_के

😄 सहमत. आणि फ्लोच्या दृष्टीनेही ८० नंबर आणि आरसा यांच्यात या आकाराच्या पोर्टला सांगण्यासारखा फरक पडत नाही. आकार बरोबर असला की झालं.

---

लंडनचा पाहुणा

वाचनखूण साठवली. थोडं अवांतर. या विद्येचा मोठा माणूस इकडचाच, हॅरी वेस्लेक. १९२० च्या दशकात डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी त्याला आपल्या इंजिनांवर काम करायला घेतलं. पोर्टमधून हवा ओढून ती मोजायची आणि मग घासायचं, ही त्याची रीत. तोवर बहुतेक कारभार अंदाजपंचे होता. १९४८ ला आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडवरही त्याचा हात फिरलाय. त्याची कंपनी ससेक्समधल्या राय गावात होती. १९६७ ची बेल्जियन ग्रां प्री डॅन गर्नीने स्पाच्या ट्रॅकवर जिंकली, त्या ईगल गाडीतलं व्ही-१२ इंजिन गर्नी-वेस्लेक. मोजल्याशिवाय घासू नये हे तेव्हापासूनचं.

---

पल्सर_सिन्नर

मोजायचं कसं, प्रत्येकाकडे फ्लो बेंच थोडाच असतो?

आम्ही जुगाड केलाय. घरचा व्हॅक्युम क्लीनर, प्लायवूडची पेटी आणि गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी. नळी यू आकारात फळीवर ठोकायची, अर्धी पाण्याने भरायची, बाजूला मोजपट्टी. पेटीत मधे एक पडदा आणि त्यात धारदार कडेचं, मापाचं गोल भोक. हेड वर ठेवायचं, खाली बुलेटच्या बोअरएवढा पाइपचा तुकडा. वॉल उघडायला हलकी स्प्रिंग आणि वरून बोल्ट, म्हणजे एकेक मिलिमीटर लिफ्ट देता येते. पोर्टच्या तोंडाला मातीचा गोल ओठ लावा, नाहीतर तिथली धारच मोजली जाते.

मोठी बेंचं पाण्याच्या २८ इंचाला मोजतात. घरच्या क्लीनरला तेवढा दम नसतो, १० इंच धरला तरी पुष्कळ. फ्लो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून १० इंचाचा आकडा १.६७ ने गुणला की २८ चा येतो. खरं तर गुणायचीही गरज नाही. आपल्याला आधीचा आणि नंतरचा फरकच बघायचाय, आकडा मिरवायचा नाही.

---

टॅपेटराव

बायकोचा व्हॅक्युम क्लीनर, पोरांची माती, गवंड्याची नळी. स्वतःचं काय घातलंत? 😂

---

फौंड्रीकर

वेळ!

---

ठोकेबाज

मिस्त्रींशी बोललो. २८ चा बेत बारगळला. ठरलं ते असं: सीटखालची पायरी काढायची, छतावरची शिवण उडवायची, गाईडचा उंचवटा निमुळता, तळाची फक्त धार मोडायची, सीटला तीन कोनांचा कट. कार्ब्युरेटर २४ चाच. चेंबरला हात लावावा का? मिस्त्री म्हणतात वॉलच्या बाजूची भिंत थोडी मागे घेऊ.

---

अनुजा_के

चेंबर घासलं की आकारमान वाढतं आणि कॉम्प्रेशन उतरतं. ३४६ सीसीला ७:१ कॉम्प्रेशन धरलं तर चेंबरचं आकारमान साधारण ५७.७ सीसी. नुसते २ सीसी घासले तर कॉम्प्रेशन ६.८ वर येतं. लाँग स्ट्रोक, कमी कॉम्प्रेशनचं इंजिन, त्यात अजून कशाला घालवायचं? बुलेटचं चेंबर अर्धगोल आहे, त्यात व्हॉल्व्हच्या कडेला भिंत अशी फारशी नसतेच. कार्बन काढा आणि सोडून द्या.

मोजायचंच असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ठेवा आणि सिरिंजने रॉकेल सोडा. किती मिली लागलं ते लिहून ठेवा. पुढे कधी हेड फेस करून (तळ घासून सपाट) घेतलंत तर उपयोगी पडेल.

---

पल्सर_सिन्नर

जेटिंग विसरू नका, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलच्या भोकाचं (जेटचं) माप. हवा वाढली की मिश्रण पातळ होणार. त्यात आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोलपेक्षा जास्त इंधन लागतं. जुन्या कार्बला हे आपोआप कळत नाही. पोर्टिंग आणि ई-२० मिळून मेन जेट एक नंबर वर न्यावा लागला तर नवल नाही. चढावर पूर्ण थ्रॉटलला ओढून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. पांढराफटक असेल तर जेट वाढवा. एअर कूल्ड इंजिनला पातळ मिश्रण परवडत नाही.

---

आरएक्सप्रेमी

माझी खिचडी काढून घेतो. आरटीओची भानगड नाही ना यात?

---

नाना फिटर

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर फेरफार करू देत नाही. इंजिन बदलणं, सीसी वाढवणं यात अडकाल. ठोकेबाज करताहेत ती ओतकामाची सफाई आणि सीटचं काम, हेड ओव्हरहॉल करताना निम्मं होतंच. गाडी वॉरंटीत असती तर गोष्ट वेगळी.

ठोकेबाज, शेवटचं. सीट कट झाल्यावर वॉल पेस्टने लापून (सीटवर घोळून घासून) घ्या, पण हलक्या हाताने, नुसता करडा पट्टा उमटेपर्यंत. पट्टा इनटेकला १ ते १.२ मिमी, एक्झॉस्टला दीडच्या आसपास. एक्झॉस्टचा पट्टा फार अरुंद केला तर वॉल जळतो. मग हेड रॉकेलने, नंतर साबणाच्या पाण्याने धुवा, गाईडच्या भोकातून ब्रश फिरवा, पेस्टचा कण राहता कामा नये. स्प्रिंगा बसवल्या की पोर्टमध्ये पेट्रोल ओता आणि हेड टेबलावर ठेवून द्या. अर्ध्या तासाने चेंबरच्या बाजूला बोट फिरवा. कोरडं लागलं तर बसवा, ओलं लागलं तर परत लापा.

---

ठोकेबाज

इनटेक कोरडा. एक्झॉस्ट ओला. पेस्ट आणायला चाललोय.